कापडाचा वेळ कोठे जातो?

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘लीड टाइम’ हे शब्द लिहिले आणि त्यांचा अर्थ सांगितला : मागणी नोंदवल्यापासून माल प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत जाणारा काळ. वर्गातल्या बहुतेकांनी तो वहीत उतरवून घेतला. मला तशी गरज वाटली नाही. आमच्या घरी दरवर्षी जून महिन्यात हाच पाहुणा मुक्कामाला असतो. त्याचे नाव तेवढे आम्हांला ठाऊक नव्हते.

आमचे घर वर्धा रोडवर, मिहानच्या कुंपणापासून सायकलने दहा मिनिटांवर आहे. आई शाळेचे गणवेश शिवते. व्यापारी कापलेले कापड गठ्ठ्याने घरी आणून टाकतो आणि नगाप्रमाणे मजुरी देतो. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, ही तारीख साऱ्या जगाला वर्षभर आधी माहीत असते. तरीही दर जूनमध्ये कापड उशिराच येते आणि आई रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालवते. मी सरांचा शब्द तिला समजावून सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “तुह्या सरले इचार, कापड टायमावर आलं असतं तं मी कायले जागली असती?”

सरांना विचारण्याआधी मी व्यापाऱ्यालाच विचारले. माणूस मोकळा आहे. त्याने वही काढून गेल्या वर्षीच्या एका मागणीचा सगळा हिशेब सांगितला. मागणी नोंदली १२ एप्रिलला, गणवेश शाळेत पोहोचले २८ जूनला. एकूण ७७ दिवस. त्यांपैकी विणाई व रंगाई मिळून ९ दिवस, भिलवाड्याहून नागपूरपर्यंत वाहतुकीचे ४, कटाईचे २ आणि शिलाईचे १२. झाले २७. उरलेले ५० दिवस कापडाला कोणी हातसुद्धा लावला नव्हता! ते नुसते पडून होते : कधी आगाऊ रकमेसाठी, कधी रंगाऱ्याकडे त्याच रंगाचा आणखी माल जमून घाणी पूर्ण भरावी म्हणून, कधी रंगाचा नमुना शाळेने पसंत करावा म्हणून, तर कधी ट्रक पूर्ण भरावा म्हणून. एकदा निळा रंग नमुन्याशी जुळला नाही आणि सारे पुन्हा पहिल्यापासून. शिलाईसाठी २२ दिवस ठरले होते, मिळाले १२. वरच्या प्रत्येकाने थोडा थोडा वेळ घेतला आणि त्याची भरपाई शेवटच्या मशीनवर झाली. त्या दहा दिवसांचा वेगळा पैसा आईला मिळाला नाही, हे सांगायलाच नको.

मला वाटले, हा आपल्याकडचाच ढिसाळपणा असावा. पण ग्रंथालयात शोधताना कळले की १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या कपडा-उद्योगालाही हाच प्रश्न पडला होता. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालापुढे तेथील गिरण्या टिकेनात, तेव्हा कर्ट सॅल्मन या सल्लागार संस्थेने धाग्यापासून दुकानापर्यंतचा काळ मोजला. तो निघाला ६६ आठवडे. त्यांतले कारखान्यातले आठवडे ११. गोदामात आणि वाटेत ४०. दुकानाच्या फळीवर १५. म्हणजे सव्वा वर्षाच्या प्रवासात कापडावर काम होत होते ते पुरते तीन महिनेही नाही. यावरून जी चळवळ सुरू झाली तिला ‘क्विक रिस्पॉन्स’ म्हणतात. तिचे मर्म मला असे दिसते की मजुराला घाई करून फारसे काही हाती लागत नाही. कापायची असते ती वाट पाहण्याची मुदत. आमच्या ७७ दिवसांतही शिलाई १२ ऐवजी ११ दिवसांत झाली, तर वाचतो एक दिवस. रंगाचा नमुना आठवडाभर आधी पसंत झाला, तर एकाच फटक्यात आठवडा वाचतो.

नागपूरला ही गोष्ट नवी नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्या काढायच्या त्या मुंबईतच, असा त्या वेळचा रिवाज होता. टाटांनी उलटा विचार केला : कापूस वऱ्हाड-वर्ध्याचा, कोळसा जवळ वरोऱ्याला आणि १८६७ पासून नागपुरात रेल्वे; मग कापूस मुंबईला नेऊन त्याचे कापड परत आणण्यात अर्थ काय? गिरणीच्या कारभारासाठी त्यांनी निवडले बेझनजी मेहता. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. कापडधंद्यात अर्धे काम मालाच्या वाटेचे असते, हे टाटांनी तेव्हाच ओळखले असावे. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी मिहान उभारण्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. हा योगायोग असेल. पण मला तो विसरता येत नाही.

मिहानमध्ये आता कंटेनरचे आगार आहे. निर्यातीचा माल येथे डब्यात सीलबंद होतो, सीमाशुल्काची कागदपत्रे होतात आणि डबे रेल्वेने न्हावाशेवा बंदराकडे जातात. बंदरच जणू आमच्या शेजारी आणून ठेवले आहे. समृद्धी महामार्गही जवळच शिवमडक्याला सुरू होतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईचा सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला. आमच्या भागात याचे फार कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु हिशेब मांडून पाहा : ७७ दिवसांत आठ तास! ट्रक वाऱ्यासारखा धावला, पण भरण्याआधी पाच दिवस उभा राहिला, तर रस्त्याने काय करावे?

येथे आणखी एक बारीक मुद्दा आहे. काळ लांब असणे जितके जाचक, त्याहून तो बेभरवशाचा असणे अधिक जाचक. कॉलेजला येणारी बस नेमकी वीस मिनिटांनी येत असेल, तर आपण वीस मिनिटे धरून चालतो. पण ती कधी पाच मिनिटांत, कधी चाळीस मिनिटांत येत असेल, तर परीक्षेच्या दिवशी चाळीसच धरावी लागतात. व्यापारीही तेच करतो. माल कधी येईल याचा नेम नसला, की तो जास्तीचा साठा भरून ठेवतो. साठ्यात पैसा अडकतो. अडकलेला पैसा तो पुढच्या माणसाची मजुरी थकवून भरून काढतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजे सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाटेत दहा ते चौदा दिवस वाढले. अशा वेळी साठा नसलेला अडतो आणि साठा असलेला व्याज भरतो.

मग उपाय? इटलीच्या बेनेटन कंपनीने एक गमतीचा मार्ग काढला. स्वेटर आधी विणून ठेवायचे, पण रंगवायचे नाहीत. कोणता रंग खपतो ते दिसल्यावर रंगवायचे. जे बदलणार नाही ते आधी उरकावे, जे बदलू शकते ते शेवटी ठरवावे. स्पेनच्या झाराने लहान लहान खेपा आणि घराजवळचे कारखाने यांच्या बळावर नवा कपडा दोन-तीन आठवड्यांत दुकानात आणून दाखवला. उलट, सगळे एकाच ठिकाणी गोळा करून काम लवकर होईलच असे नाही. आपल्या राज्याने २०२४-२५ साली सरकारी शाळांच्या गणवेशाचे कापड एकत्र खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली. हेतू चांगलाच होता. पण शाळा उघडून कित्येक दिवस लोटले तरी अनेक मुलांना गणवेश मिळाले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. साखळीचे एक टोक अडले, की लाखो मुले एकाच वेळी अडतात.

साखळीचे पहिले टोक तर शेतात आहे. जूनच्या पावसावर लावलेला कापूस ऑक्टोबरपासून वेचणीला येतो, आणि ही मुदत पैशाने विकत घेता येत नाही. पण तेथेही प्रयत्न चालू आहेत. वर्धा रोडवरच असलेली केंद्रीय कापूस संशोधन संस्था कमी दिवसांत येणारे वाण दाट लावण्याच्या पद्धतीवर काम करते. जमिनीतली ओल संपण्याआधी आणि बोंडअळीचा जोर वाढण्याआधी पीक घरात यावे, हा त्यातला विचार. लीड टाइम हा शब्द शेतकऱ्याला असा लागू होतो, हे पाहून मला स्वतःलाच नवल वाटले. त्याची अडचण मात्र निराळी आहे : कापूस घरात ठेवून भाव चढण्याची वाट पाहणे त्याला परवडत नाही. वाट पाहण्याचा फायदा एकाचा आणि वाट पाहण्याची शिक्षा दुसऱ्याची, असेच या धंद्यात पुष्कळदा दिसते.

बेनेटनची गोष्ट मी आईला सांगितली. ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी व्यापारी आला, तेव्हा तिने त्याला सांगितले की पांढऱ्या शर्टांचे कापड मार्चमध्येच द्या. पांढऱ्यात छटेचा घोळ नाही आणि शाळांचे शर्ट काही बदलत नाहीत. निळ्या पँटी-स्कर्टचे मागून पाहू. तो म्हणाला, एवढा पैसा आतापासून अडकवणे जमणार नाही. बरीच घासाघीस झाल्यावर निम्म्यावर तयार झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शर्टांचे पहिले गठ्ठे घरी आले. हा लेख मी त्यांतल्याच एका गठ्ठ्यावर वही ठेवून लिहिला. निळे कापड अजून यायचे आहे.