बर्फाच्या देशांत नवें बिऱ्हाड

श्रोतेहो, परमुलखांत बिऱ्हाड थाटण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याकडे पहिली काळजी थंडीची केली जाते. फिनलंडला जाण्याचें ठरलें तेव्हां आमच्या पुण्याच्या घरींही तेंच झालें. सासूबाईंनीं लोंकरीचे मोजे विणावयास घेतले आणि शेजारणींनीं सुंठीच्या वड्या बांधून दिल्या. डिसेंबरच्या आरंभीं माझे पती, पांच वर्षांचा मुलगा आणि मी असे तिघे हेलसिंकीस उतरलों. पहिल्या पंधरवड्यांत आम्हांस कळून आलें तें असें, कीं थंडीची तजवीज तेथील समाजानें आधींच करून ठेवलेली असते. आपली तजवीज आपणच करावी लागते, ती काळोखाची आणि एकांताची.

प्रथम थंडीविषयीं सांगतें. बाहेर पारा शून्याखालीं ५ अंश होता, आणि घरांत मुलगा नुसत्या सदऱ्यावर बागडत होता. शहरांतील मोठ्या केंद्रांत तापविलेलें पाणी जमिनीखालच्या नळांवाटे इमारतींना पुरवितात, त्याच्या उष्णतेनें खोल्या उबदार राहतात. खिडक्यांना एकावर एक तीन कांचा असतात. त्यांच्यामध्यें कोंडलेली हवा ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. आपली गोधडी हाच धडा देते. जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेली हवाच आपणांस ऊब देत असते. म्हणून तेथें एकच जाड कोट घालीत नाहींत. अंगालगत पातळ लोंकरीचें वस्त्र, त्यावर दुसरें उबदार, आणि सर्वांवर वारा अडविणारें तिसरें, असा शिरस्ता आहे. अंगालगत सुती कापड मात्र नको. तें घामानें भिजतें आणि अंगाची ऊब पळवितें. बूटही घट्ट नसावेत, नाहींतर मोज्यांतील हवा दबते आणि पाय गारठतात.

तिसऱ्या दिवशीं मुलाच्या नाकांतून रक्त आलें, तेव्हां मी घाबरलें. कारण साधें निघालें. शून्याखालीं १० अंशांच्या हवेंत एका घनमीटरला जेमतेम २ ग्रॅम बाष्प मावतें. २० अंशांच्या हवेंत सुमारें १७ ग्रॅम. बाहेरची हवा घरांत येऊन तापली, तरी तिच्यांतील बाष्प कांहीं वाढत नाहीं, म्हणून ती अतिशय कोरडी पडते. रात्रीं ओले पंचे खोलींत वाळत घालूं लागल्यावर तक्रार थांबली.

काळोखावर असा सोपा उपाय नव्हता. २१ डिसेंबरच्या सुमारास हेलसिंकींत सूर्य साडेनऊच्या आसपास उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. त्यांतून आकाश ढगाळलेलें. पती कचेरीस गेले म्हणजे घरांत आम्ही दोघेंच उरत असूं. एकदां मुलानें विचारलें, "आई, आपला सूर्य पुण्यालाच राहिला का ग?" मला उत्तर सुचेना. त्याचें खेळणें मंदावलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर माझीही अन्नावरची वासना उडाली होती.

मार्ग तेथील शिशुशाळांनीं दाखविला. हवा ढगाळ असो वा बर्फाची, त्या मुलांना रोज अंगणांत खेळवितात. आम्हींही नेम केला, कीं ११ ते १ बाहेर राहावयाचें. शिवाय उत्तरेकडील हिवाळ्यांत सूर्यकिरण इतके तिरपे येतात, कीं त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होत नाहीं. म्हणून लहान मुलांना तें औषधाप्रमाणें देतात आणि दुधांतही मिसळतात. आठवड्याभरांत मुलाची भूक परतली.

राहिला एकांत. जिन्यांत शेजारी भेटले तर मान लववून निघून जात. मला तो तुटकपणा वाटे. एके दुपारीं वरच्या मजल्यावरील वृद्ध बाईंनीं आम्हांस थांबविलें, मुलाच्या कोटास एक चकचकीत चकती अडकविली, आणि एक शब्दही न बोलतां त्या निघून गेल्या. ती चकती मोटारीच्या दिव्याचा प्रकाश परतविते, त्यामुळें काळोखांत पायीं चालणारा माणूस दुरूनच दिसतो. अंधारांत ती लावावी असा तेथें नियमच आहे. आमच्या अज्ञानाची उणीव त्या बाईंनीं मुकाट्यानें भरून काढली होती. दुसऱ्याच्या एकांतांत शब्दांनीं शिरूं नये, पण त्याच्या जिवाची काळजी मात्र घ्यावी, हा तेथील शेजारधर्म मला त्या दिवशीं उमगला.

दुसऱ्या दिवशीं मी रव्याचे लाडू घेऊन त्यांच्या दारीं गेलें. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "कीतोस". म्हणजे आभारी आहें. फिनी भाषेंतील माझा तो पहिला शब्द.

श्रोतेहो, आपलीं मुलेंबाळें अशा मुलखीं निघालीं, तर लोंकर बरोबर द्याच. पण शेजाऱ्यांकरितां लाडवांचा एक डबा अधिक द्यावयास विसरूं नका.