स्पर्शविरहित भरणा : लोक तो का स्वीकारतात?

दुकानातील यंत्राजवळ कार्ड नुसते धरायचे, बारीकसा आवाज होतो आणि पैसे चुकते होतात. गुप्त क्रमांक दाबणे नाही, सही नाही. ही पद्धत काहींनी पाहता पाहता आपलीशी केली, तर काहीजण कार्ड खिशात असूनही तिच्या वाटेला जात नाहीत. असे का व्हावे, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम ही पद्धत समजून घेऊ. ज्या कार्डावर चार वक्र रेषांचे चिन्ह असते, त्यात एक सूक्ष्म चीप आणि तारेचे वेटोळे दडलेले असते. यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात कार्ड आले, म्हणजे साधारण चार सेंटिमीटरपर्यंत जवळ नेले, की त्या क्षेत्रातूनच चीपला वीज मिळते आणि ती यंत्राशी बोलू लागते. प्रत्येक व्यवहारासाठी ती नवा संकेत तयार करते. तो चोरून दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

नवे तंत्र माणूस का स्वीकारतो, याविषयी अमेरिकेतील अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 साली एक सिद्धान्त मांडला. हे माझ्या उपयोगाचे आहे का आणि मला ते सहज जमेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर स्वीकार अवलंबून असतो, असे त्याचे सार आहे. लंडनच्या बसगाड्यांत डिसेंबर 2012 पासून बँकेचे कार्ड टेकवून भाडे देता येऊ लागले. सप्टेंबर 2014 मध्ये भुयारी रेल्वेतही ती सोय झाली. रांगेत उभे राहणे टळले, भाड्याचा हिशेब यंत्रानेच केला. मात्र जुलै 2014 पासून तेथील बसमध्ये रोख रक्कम घेणेच बंद झाले होते, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे स्वीकारात सोयीबरोबर सक्तीचाही वाटा असतो.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. कार्ड हरवले तर? गर्दीत कोणी परस्पर पैसे काढले तर? ही भीती अडाणीपणाची नव्हे. नुकसानीला मर्यादा असेल तरच माणूस धोका पत्करतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2015 साली गुप्त क्रमांकाशिवाय होणाऱ्या अशा व्यवहाराला 2,000 रुपयांची मर्यादा घातली. 1 जानेवारी 2021 पासून ती 5,000 रुपये झाली. शिवाय नव्या कार्डावर ही सोय आपोआप सुरू नसते. ग्राहकाने ती स्वतः सुरू करायची, हवी तेव्हा बंद करायची. किल्ली आपल्या हाती आहे असे वाटले की भय ओसरते.

2020 च्या करोना साथीत नोटेला हात लावण्याचीही धास्ती वाटत होती. ती धास्ती गेली, पण लागलेली सवय मात्र राहिली.

आपल्याकडे मात्र कार्डापेक्षा मोबाईलने क्यूआर संकेतचित्र टिपण्याची पद्धत अधिक रुजली. तिला काटेकोर अर्थाने याच प्रकारात बसवता येणार नाही, पण नात्याने ती जवळची. कार्डाच्या यंत्राला खर्च येतो. छापील संकेतचित्र भाजीच्या टोपलीलाही बांधता येते. 2016 साली यूपीआय सुरू झाले आणि जानेवारी 2020 पासून त्यावर व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागत नाही. विकणारी मावशी तयार, म्हणून घेणाराही तयार. त्यात सुट्ट्यांची जुनी कटकट! दोन रुपयांऐवजी हातावर टेकवलेली गोळी कोण विसरेल?

एका गोष्टीकडे मात्र आमच्या वाचकांनी लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. ड्रॅझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना, क्रेडिट कार्डाने पैसे द्यायचे आहेत असे सांगितलेल्या गटाने रोख देणाऱ्यांच्या दुप्पटीहून अधिक किंमत देऊ केली. हातातून नोट जाताना मनाला जो चिमटा बसतो, तो कार्डाने बसत नाही. हा चिमटा नसणे हेही या पद्धतीच्या आवडीचे एक कारण आहे, आणि दुकानदारांना ते चांगले ठाऊक असते. महिन्याच्या पंधरा तारखेलाच पगार कुठे गेला हे ज्या घरात कळेनासे झाले असेल, त्यांनी किराणा-भाजीचे पैसे काही काळ रोख देऊन पाहावे.

दानपेटीशेजारी क्यूआर संकेतचित्र लावावे का, असे काही धर्मग्रामांतून विचारले जाते. आमच्या मते जरूर लावावे, पण पेटी काढू नये. मंदिराच्या भांडारात दोन नाणी टाकणारी ती विधवा (मार्क 12:41-44) आजही आपल्या चर्चमध्ये येते. तिच्याकडे कदाचित साधा मोबाईल असेल, कदाचित तोही नसेल. फेस्ताच्या कूपनांसाठी वा मिस्साच्या नोंदणीसाठी तिला नातवाला शोधत फिरावे लागू नये.

ज्यांना ही सोय वापरायची आहे, त्यांनी आपल्या गरजेपुरती मर्यादा बँकेत ठरवून घ्यावी आणि व्यवहाराचा संदेश मोबाईलवर येतो ना, हे पाहावे. कार्ड हरवल्यास प्रथम बँकेला कळवून ते बंद करावे. कळवण्यास जितका उशीर, तितका तोट्याचा भार ग्राहकावर, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात आहे. फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.