पाच थडगी आणि एक फ्लॅट

ऑक्टोबर २०१४. पॅरिसमध्ये 'एनजी-युरोप' ही परिषद भरली होती. अँग्युलरजेएस या गूगलच्या फ्रेमवर्कवर ज्यांचं पोट होतं असे डेव्हलपर पुढच्या आवृत्तीत काय येणार हे ऐकायला जमले होते. व्यासपीठावर इगोर मिनार आणि टोबियास बॉश, दोघेही अँग्युलरच्याच टीममधले. त्यांनी पडद्यावर थडग्यांची चित्रं दाखवायला सुरुवात केली. एक थडगं कंट्रोलरचं. एक 'डॉलर-स्कोप'चं. मग अँग्युलर-मॉड्यूल, जेक्यूलाइट आणि डिरेक्टिव्ह लिहायची जुनी पद्धत. अँग्युलरवाला माणूस दिवसभर जे टाइप करायचा, नेमकं तेच सगळं दुसऱ्या आवृत्तीत नसणार होतं.

विनोद म्हणून ठीक होता. पण जुन्या कोडवरून नव्यावर कसं यायचं, याची वाट त्या दिवशी कोणी दाखवली नाही, कारण ती अजून ठरलीच नव्हती. पुढचे काही आठवडे प्रोग्रॅमर मंडळी इंटरनेटवर नुसती धुमसत होती.

फ्रेमवर्क म्हणजे काय आणि ते लायब्ररीहून वेगळं कसं, हे गेल्या भागात आलं. या भागाचा प्रश्न असा, की नवी आवृत्ती येते तेव्हा आधी लिहिलेल्या कोडचं काय होतं?

गूगलच्या टीमला सगळं मोडायची हौस नव्हती. अँग्युलरजेएसची सुरुवात २००९ साली मिश्को हेव्हरी यांनी केली आणि १.० आवृत्ती जून २०१२मध्ये आली. तिची जादू अशी, की पानाच्या एचटीएमएलमध्ये दोन महिरपी कंसांत एखाद्या चलाचं नाव लिहिलं, की त्या चलाची किंमत बदलताच पानावरचा मजकूर आपोआप बदलायचा. आधी हेच काम जेक्वेरीत हातानं करावं लागायचं. पण 'आपोआप'च्या मागे बरीच धावपळ होती. पानावरच्या अशा प्रत्येक जागेसाठी एक पहारेकरी, म्हणजे 'वॉचर', नेमला जायचा. वापरणाऱ्यानं बटण दाबलं, अक्षर टाइप केलं किंवा सर्व्हरकडून उत्तर आलं, की फ्रेमवर्क सगळ्या वॉचरांची हजेरी घ्यायचं: तुझी किंमत मघाशी काय होती, आता काय आहे? एकाची जरी बदललेली सापडली तरी पुन्हा पहिल्यापासून, कारण एकाच्या बदलानं दुसरा बदललेला असू शकतो. सगळे 'जैसे थे' म्हणेपर्यंत फेऱ्या चालू. दहा फेऱ्यांनंतरही गोंधळ मिटला नाही, तर फ्रेमवर्क हात टेकायचं आणि लाल अक्षरांत एरर फेकायचं. त्या काळात ज्यांनी काम केलं त्यांना 'टेन डायजेस्ट इटरेशन्स रीच्ड' ही ओळ आजही पाठ असेल.

छोट्या फॉर्मला हे चालून जायचं. पण तीनशे ओळी आणि दहा स्तंभांचा तक्ता घ्या. तिथेच तीन हजार वॉचर झाले. वरच्या शोधपेटीत एक अक्षर टाइप केलं, की तीन हजार तुलना, आणि काही बदललं असेल तर किमान आणखी एक फेरी. स्वस्तातल्या मोबाइलवर टाइप केलेलं अक्षर उमटायलाच वेळ लागायचा. हे दुखणं डागडुजीनं बरं होण्यातलं नव्हतं, पायाच बदलायला हवा होता. तेव्हा अभियांत्रिकीच्या बाजूनं पाहिलं तर ती थडगी योग्यच होती. चुकलं ते वेगळंच: लाखो ओळींचा चालता कोड लोकांकडे आहे आणि तो एका रात्रीत बदलत नसतो, याचा विचार आराखड्यात आधी व्हायला हवा होता. तो नंतर झाला.

नंतर म्हणजे बराच नंतर. अँग्युलर २ सप्टेंबर २०१६मध्ये आलं. त्याआधी महिनाभर, पाचव्या 'रिलीज कँडिडेट'मध्ये, त्यात 'एनजी-मॉड्यूल' ही अख्खी नवी संकल्पना घुसवली गेली. रिलीज कँडिडेट म्हणजे खरं तर 'आता फक्त शेवटचे बग, बाकी काही बदलणार नाही' असं सांगणारी आवृत्ती! ज्यांनी विश्वास ठेवून आधीच काम सुरू केलं होतं, त्यांना ते पुन्हा उलगडून बसावं लागलं. जुना आणि नवा कोड एकाच पानावर शेजारी शेजारी चालवण्याची सोय तोवर तयार झाली होती, पण ती वापरणं हेही एक स्वतंत्र काम होतं. मार्च २०१७मध्ये एकदम चौथी आवृत्ती आली. तिसरी कुठे गेली? राउटरचं पॅकेज बाकीच्यांच्या पुढे धावून आधीच तीनवर पोचलं होतं. सगळ्यांना एका रांगेत आणायचं म्हणून तीन हा आकडाच गाळला.

अँग्युलरजेएसचा आधार जून २०२१अखेर थांबणार होता. कोविडमुळे ही मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२१ केली गेली. पॅरिसमधल्या त्या थडग्यांनंतर सात वर्षं.

पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला आयटीत असणाऱ्या कोणाला 'मायग्रेशन प्रोजेक्ट' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. स्क्रीन तीच, बटणं तीच, आतलं सगळं नवं. आणि डेमोच्या दिवशी क्लायंटचा ठरलेला प्रश्न: एवढे महिने घालवून यात नवीन काय दिसतंय?

फ्रेमवर्कला निदान असं म्हणण्याची सोय असते, की जुनं बंद, नवं घ्या. ज्या भाषेवर ही सगळी फ्रेमवर्कं उभी आहेत त्या जावास्क्रिप्टला तीही नाही. याचा सगळ्यात गमतीदार दाखला २०१८ सालचा आहे.

जावास्क्रिप्टमध्ये यादीच्या आत याद्या असतील, तर त्या सपाट करून एकच यादी देणारी सोय भाषेतच असावी, असा प्रस्ताव होता. नाव साधं आणि सरळ: 'फ्लॅटन'. फायरफॉक्सच्या चाचणीसाठीच्या आवृत्तीत ती घातली गेली आणि वर्दळीचं किमान एक संकेतस्थळ मोडलं. शोध घेतल्यावर सापडलं मूटूल्स. ही २००६ सालची लायब्ररी. जावास्क्रिप्टच्या मूळ याद्यांनाच आपल्या पदरच्या क्रिया जोडायच्या, ही तिची रीत, आणि त्यांतल्या एका क्रियेचं नाव नेमकं 'फ्लॅटन' होतं.

आता कोणालाही वाटेल, की मूटूल्स आपलं 'फ्लॅटन' ब्राउझरच्या 'फ्लॅटन'वर लिहीत असेल, तर मूटूल्सचंच चालेल. मग मोडेल कशाला? गोम पुढे होती. मूटूल्सला यादीच्या सगळ्या क्रिया आपल्या 'एलिमेंट्स' नावाच्या दुसऱ्या प्रकारातही हव्या असायच्या. त्यासाठी ती यादीच्या अंगावरच्या क्रिया एकेक करून मोजायची आणि उतरवून घ्यायची. हातानं जोडलेली क्रिया या मोजणीत दिसते. ब्राउझरनं दिलेल्या क्रिया मात्र मुद्दाम लपवलेल्या असतात. ब्राउझरनं 'फ्लॅटन' नावाची लपलेली जागा आधीच तयार केली होती. मूटूल्सनं त्या जागेत आपला कोड भरला, पण जागा लपलेलीच राहिली. मोजणीत ती आली नाही, 'एलिमेंट्स'मध्ये उतरली नाही, आणि तिथे 'फ्लॅटन'ला हाक मारणारा कोड तोंडावर आपटला.

मूटूल्स दुरुस्त करून भागण्यासारखं नव्हतं. लायब्ररीची प्रत ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर पडलेली. साइट बनवणारा फ्रीलान्सर कधीच दुसरीकडे गेलेला, मालकाला पासवर्डही आठवत नाही, आणि साइट मात्र सुखेनैव चाललेली. अशा साइटी किती आहेत हे मोजायला कोणी बसलेलं नाही. शिवाय ब्राउझर बदलल्यामुळे साइट मोडली, तर वापरणारा साइटला दोष देत नाही. तो म्हणतो, 'या ब्राउझरमध्ये चालत नाही, दुसऱ्यात चालतं,' आणि दुसरा ब्राउझर उघडतो. त्यामुळे हा धोका पत्करायला कोणताच ब्राउझर तयार नसतो.

प्रस्तावाचे लेखक मायकल फिकारा यांनी थट्टेनं नवं नाव सुचवलं: 'स्मूश', म्हणजे चेंदामेंदा. काहींनी ते खरं मानलं आणि पुन्हा वादळ उठलं. मे २०१८मध्ये जावास्क्रिप्टच्या मानक समितीनं 'फ्लॅट' या नावावर शिक्कामोर्तब केलं. २०१९च्या मानकात ते आलं आणि आज रोज वापरलं जातं. याआधीही याच मूटूल्सपायी 'कंटेन्स'चं 'इन्क्लूड्स' करावं लागलं होतं. ज्यांनी मूटूल्सचं नावही ऐकलेलं नाही, ती मुलं आज तिच्यामुळे बदललेले शब्द टाइप करत आहेत.

अख्खी भाषा मोडून पुन्हा मांडण्याचं धाडस पायथननं केलं. ३ डिसेंबर २००८ला पायथन ३.० आलं आणि पायथन २मधला कितीतरी कोड त्यावर चालेना. कारण मात्र मराठी माणसाला लगेच पटेल असं होतं. पायथन २ला साध्या स्ट्रिंगमध्ये 'मराठी' हा शब्द देऊन त्याची लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, आणि पायथन मोजायचं बाइट. शब्दाची पहिली चार 'अक्षरं' कापून घ्यायला जावं, तर एखादं चिन्ह मधोमध चिरलं जाऊन पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटायची. पायथन ३ म्हणतं ५. शाळेतलं पोर म्हणेल ३, आणि त्याचंच बरोबर. तसं मोजणारं 'सेगमेंटर' हे साधन ब्राउझरमध्येही आता आहे. फायरफॉक्सनं एप्रिल २०२४मध्ये ते घेतलं आणि सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ते पोचलं.

म्हणजे पायथनला ही मोडतोड करणं भाग होतं. पण पायथन २चा आधार २०१५मध्ये बंद करायचं ठरलं होतं, ते पाच वर्षं पुढे ढकलावं लागलं. १ जानेवारी २०२०ला तो एकदाचा संपला. मधल्या काळात दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा कोड लिहायला मदत करणारी 'सिक्स' नावाची लायब्ररी घराघरांत पोचली. सिक्स का, तर दोन गुणिले तीन.

या सगळ्यातून फ्रेमवर्कवाले काय शिकले, ते गेल्या काही वर्षांच्या आवृत्त्यांत दिसतं. ऑक्टोबर २०२०मध्ये रिॲक्टची १७वी आवृत्ती आली, तीच मुळी 'यात वापरणाऱ्यांसाठी नवं काही नाही' या घोषणेसह. एका पानावर रिॲक्टच्या दोन आवृत्त्या सुखानं नांदाव्यात एवढ्यासाठी आतली यंत्रणा हलवली होती, बस. जाहिरातीच्या दृष्टीनं इतकी फिकी आवृत्ती क्वचितच कोणी काढली असेल. पण त्या दशकातली ही सगळ्यात समंजस आवृत्ती होती, असं म्हणायला हरकत नाही.

अँग्युलरनंही कात टाकली. दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती, प्रत्येकीला दीड वर्षं आधार. २०१८च्या सहाव्या आवृत्तीपासून 'एनजी अपडेट' ही आज्ञा आली. ती नुसतं नवं पॅकेज उतरवत नाही, तर तुमच्या फाइली उघडून जुना कोड नव्या पद्धतीनं लिहून देते. १७व्या आवृत्तीत, नोव्हेंबर २०२३मध्ये, 'एनजी-इफ'च्या जागी साधं 'ॲट-इफ' आलं, तेव्हा जुनं बदलून देणारी आज्ञाही सोबतच दिली गेली. जुनं 'एनजी-इफ' चालूच राहिलं. ते कालबाह्य झाल्याची खूण त्यावर दीड वर्षानं, २०व्या आवृत्तीत पडली. या शहाणपणाचं एक कारण घरातच आहे. गूगलमधली हजारो अ‍ॅप्लिकेशन्स अँग्युलरवर चालतात आणि कंपनीचा बहुतेक कोड एकाच भल्यामोठ्या कोठारात असतो. अँग्युलरच्या टीमनं काही मोडलं, की पहिली बोंब शेजारच्या टेबलावरूनच उठते.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र असं थडगं बांधायला अजूनही परवानगी नाही. १९९५ साली जावाकडून जशीच्या तशी उचललेली 'डेट' तिथे अजून आहे. तिच्यात जानेवारी शून्यावा महिना असतो, आणि 'गेट-इयर' म्हणून २०२५ साली वर्ष विचारलं तर उत्तर मिळायचं १२५, कारण ती १९००पासून मोजते. खुद्द जावानं या क्रिया १९९७मध्येच कालबाह्य ठरवल्या होत्या. जावास्क्रिप्टमध्ये तारखांसाठी 'टेम्पोरल' ही नवी व्यवस्था बरीच वर्षं घडत होती. मे २०२५मध्ये फायरफॉक्सच्या १३९व्या आवृत्तीत ती आली. 'डेट' तिच्या शेजारी तशीच आहे, शून्याव्या जानेवारीसकट.

पुढच्या आठवड्यात: आवृत्तीच्या क्रमांकातले तीन आकडे, त्यांतून मिळणारी हमी, आणि ती पाळली न गेल्यास सोमवारी सकाळी न चालणारा बिल्ड.