गोवर पुरळ दिसायच्या आधीच पसरतो

मैत्रिणींनो, गोवर निघाला की आपण लेकराला घरात ठेवतो, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतो. लेकराला वेगळं ठेवणं चांगलंच, पण तोवर उशीर झालेला असतो. पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून ते नंतरचे चार दिवस गोवर दुसऱ्याला लागतो. आधीच्या दिवसांत फक्त ताप, खोकला, गळणारं नाक आणि लाल डोळे असतात. आपण सर्दी समजतो. लेकरू अंगणवाडीत जातं, लग्नाला जातं, गटाच्या बैठकीतही मांडीवर असतं.

कसा पसरतो?

गोवर खोकल्या-शिंकल्यातून, हवेतून पसरतो. आजारी मूल निघून गेलं तरी खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. लस न घेतलेली १० मुलं त्याच्या जवळ आली, तर ९ जणांना लागण होऊ शकते. लागण झाल्यावर ताप यायला साधारण १० दिवस लागतात, पुरळ यायला दोन आठवडे. म्हणून एका मुलानंतर गाव आठ-दहा दिवस शांत राहिलं, तरी साथ गेली असं समजू नका.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात अशीच साथ आली. भिवंडी, मालेगावातही आली. लेकरं दगावली. कोरोनाच्या काळात अनेक मुलांचे डोस राहून गेले होते. वस्ती दाट, खोल्या लहान. गोवराला आयतीच वाट मिळाली.

आपल्याकडे कुठं राहून जातं?

अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर पाच महिन्यांचं लेकरू घेऊन गेलेली बाई पाडव्याला परतते, तेव्हा ते दहा महिन्यांचं झालेलं असतं. पहिला डोस असतो नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तो फडातच चुकतो. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. दोन्ही डोस सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, गाव कुठलंही असो. कार्ड मात्र सोबत न्या. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस टाळू नका.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी ही लस नसते. त्याचं रक्षण आजूबाजूच्या मुलांच्या लसीवरच असतं. १०० पैकी ९५ मुलांचे दोन्ही डोस झाले, तर साथ पसरायला जागा उरत नाही.

गटाने काय करायचं?

पुढच्या बैठकीत बचतीच्या पुस्तकासोबत लेकरांची लसीकरण कार्डंही आणा. ज्यांचा डोस राहिला, त्यांची यादी आशाताईंना द्या. ऊसतोडीला निघणाऱ्या घरांपासून सुरुवात करा.

ताप आणि पुरळ दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना कळवा. लेकराला अंगावरचं दूध, पेज, वरण-भात चालू ठेवा. खाणं तोडू नका. दवाखान्यात जीवनसत्त्व 'अ' चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही जपले जातात. धाप लागली, झटके आले, दूध-पाणी पीत नसेल किंवा सुस्त पडलं, तर उतार पडायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.