टोचून झाल्यानंतरची सुई

इंजेक्शन देऊन झालं की पेशंट दंड चोळत उठतो आणि त्याच्यापुरता विषय संपतो. आमचं सिस्टरांचं निम्मं काम तिथून पुढे असायचं. ठाण्यात वॉर्ड इन्चार्ज म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. आता निवृत्त होऊन डोंबिवलीत राहते, पण कुठल्याही दवाखान्यात गेले तरी नजर आधी टेबलाखालच्या डब्यांवर जाते.

रुग्णालयातला कचरा म्हटला की लोकांना सगळाच भयंकर वाटतो. तसा तो नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला सुमारे ८५ टक्के कचरा आपल्या घरच्यासारखाच असतो: केळ्याची सालं, चहाचे कप, औषधांची खोकी. धोका उरलेल्या १५ टक्क्यांत. पण रक्ताने भिजलेला बोळा त्या खोक्यांत पडला की अख्खी पिशवीच धोक्याची होते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा निवडायला कुणाच्या तरी हाताला त्यात शिरावं लागतं. म्हणून वर्गीकरण व्हायचं ते खाटेपाशीच, हातातली वस्तू खाली ठेवायच्या क्षणी.

आपल्याकडे यासाठी १९९८ साली पहिले नियम आले आणि २०१६ मध्ये नवे. त्यांनुसार पिवळ्या पिशवीत रक्ताळलेला कापूस, बँडेज, प्लॅस्टर, शस्त्रक्रियेत काढलेले अवयव, बाळंतिणीची वार. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक पडणार नाही अशा डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्युल निळ्यात.

लाल आणि पिवळ्यातला फरक मी नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगायचे. पिवळं जातं भट्टीत. तिच्या दुसऱ्या कक्षात तापमान १०५० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. लालमधलं प्लॅस्टिक जाळायचं नसतं. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक करतात, मग त्याचे तुकडे करून पुनर्वापराला देतात. पीव्हीसीची नळी चुकून पिवळ्या पिशवीत गेली, तर तिच्यातल्या क्लोरीनमुळे जळताना डायॉक्सिन तयार होऊ शकतं. हे विष शरीरात चरबीत साठून वर्षानुवर्षं राहतं. भट्टी कितीही चांगली असली तरी पिशवीत काय भरलंय ते तिला निवडता येत नाही. ते वॉर्डातच ठरलेलं असतं.

या भट्ट्या आपल्यापासून फार लांब नाहीत. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या आवारात ‘एन्व्हायरो व्हिजिल’ ही संस्था असं सामायिक केंद्र चालवत आली आहे. कल्याणात हे काम उंबर्ड्याला होतं. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी घालता येत नाही. पिशव्यांवर बारकोड लागतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जिथे केंद्राची गाडी पोचतच नाही अशा दुर्गम भागात मात्र खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे: दोन मीटर खोल खड्डा, वर चुना, वर माती. आमच्या आज्या वार परसात खोल पुरत; त्याच्या जवळचीच ही रीत.

हे सगळं चुकलं की फटका बसतो तो पिशवी उचलणाऱ्या मावशींना. संसर्ग झालेल्या माणसासाठी वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली, तर हेपटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. म्हणून वॉर्डातल्या मावशी-मामांना या रोगाची लस मिळालीच पाहिजे. नियमही तेच सांगतो. सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

आणि कचऱ्याला गिऱ्हाईक असतं, हे विसरू नका. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हेपटायटिस बीची साथ पसरली, कित्येक जीव गेले. २०२१ मध्ये, कोविडच्या ऐन लाटेत, आपल्या जळगावात गादीत कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात असल्याचं पोलिसांना आढळलं. म्हणूनच सुई जागच्या जागी कापणारं छोटं यंत्र मला मोलाचं वाटतं. कापलेली सिरिंज कुणी धुऊन विकू शकत नाही.

आता माझी खरी काळजी वॉर्डाबाहेरची आहे. आमच्याच इमारतीत इन्सुलिन घेणारे किती, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा किती! वॉर्ड घराघरांत आलाय, पण ते चार डबे आलेले नाहीत. घरातल्या सुया, मुदत संपलेली औषधं, फुटलेला थर्मामीटर यांना २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचरा ठरवलं. ते वेगळं द्यायचं असतं. प्रत्यक्षात सुई भाजीच्या देठांसोबत घंटागाडीत जाते. कल्याणमधलं आधारवाडीचं डम्पिंग २०२१ मध्ये बंद झालं, तरी कचरा हाताने निवडणाऱ्या बायका आहेतच. फक्त आता त्या कचरा निवडायच्या शेडमध्ये बसतात.

माझ्या शेजारच्या वहिनींना मी कपड्यांच्या लिक्विडची जाड रिकामी बाटली ठेवायला सांगितली. सुई वापरली की पुन्हा टोपण न लावता थेट आत टाकायची, कारण टोपण लावतानाच अनेकदा बोटाला टोचतं. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून, टेप गुंडाळून वर ‘सुया’ असं ठळक लिहायचं. ती घ्यायला आमच्या फॅमिली डॉक्टरांनी होकार दिला, कारण त्यांच्याकडे केंद्राची गाडी तशीही येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक डॉक्टरने आपल्या मधुमेही पेशंटांसाठी असा एक डबा दवाखान्याच्या दाराशी ठेवावा, आणि दोन्ही महापालिकांनी प्रत्येक प्रभागात त्याची सोय करावी, एवढं माझं मागणं आहे. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत नक्की विचारा.