नारायणगावची फेसाळ वाइन

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की सुमारे पाऊणशे किलोमीटरवर नारायणगाव लागते. टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी नाव असलेल्या या जुन्नर तालुक्यातील गावात १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी ‘शॅम्पेन इंडाज’ ही वाइन कंपनी उभी केली. तंत्र शिकवायला फ्रान्सची पायपर-हायडसिक ही जुनी शॅम्पेन कंपनी लाभली. शॅम्पेन प्रांताबाहेरच्या वाइनला ते नाव लावता येत नाही. म्हणून इथली बाटली परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने गेली.

तंत्र फ्रान्सचे असले तरी वेलाचे वेळापत्रक जुन्नरचेच राहिले. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. इथे तो झोपतच नाही. त्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरता सरता दुसरी छाटणी घेऊन घड धरायचे. तोड जानेवारीपासून पुढे. फेसाळ वाइनला आंबटपणा हवा असतो, म्हणून घड पुरता गोड होण्याआधीच उतरवावा लागतो. उन्हाच्या मुलखात ही वेळ साधणे हेच खरे कसब.

रसाची आधी साधी, बिनफेसाची वाइन करतात. मग तीत दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. दुसरे आंबणे त्या बाटलीतच होते. वायूला वाट नसल्याने तो वाइनमध्येच मुरतो आणि आतला दाब सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळपास तिप्पट चढतो. गाळावर महिनोन्‌महिने मुरलेली बाटली भोके पाडलेल्या तिरक्या फळीत मानेवर खोचतात आणि रोज थोडी थोडी फिरवतात. गाळ घसरत बुचाशी येतो. शेवटी मान गोठवून झाकण उघडले की बर्फात अडकलेला गाळ दाबानेच बाहेर उडतो. सांडलेली वाइन भरून निघते, बूच बसते, त्यावर तार आवळली जाते.

कर्जावर केलेला परदेशांतील विस्तार २००८च्या मंदीत ‘शॅम्पेन इंडाज’ला पेलला नाही आणि पुढे ती अवसायनात गेली. तोवर २००१च्या राज्य वाइन धोरणानंतर महाराष्ट्रात इतर वायनऱ्या उभ्या राहिल्या होत्या. वाइनच्या द्राक्षांचा अभ्यास पुण्याच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आजही चालतो.