ॲप आमचे, किल्ली कोणाकडे?

पूर्वी एखादी संस्था नावारूपाला आली की तिला स्वतःची वास्तू हवीशी वाटे. वास्तू उभी राहिली की रौप्यमहोत्सवाची स्मरणिका हवीशी वाटे. आज त्याच ओढीने लहानमोठ्या संस्थांना स्वतःचे मोबाईल ॲप हवेसे वाटू लागले आहे. वाचनालयाची ग्रंथसूची, गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका, सभासदांची यादी, वधूवरांची माहिती, देणगीची पावती हे सारे तळहातावर यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि स्वागतार्हही आहे. मात्र वास्तू बांधताना गवंड्यापासून वकिलापर्यंत चार जाणत्यांचा सल्ला घेणारी आपली मंडळी ॲप करून घेताना कमालीची भोळी होतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबादच्या मराठी माणसाला संस्था उभारणे नवे नाही. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या निजामी राजवटीत, १९०७ साली, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरिणांच्या पुढाकाराने येथे विवेकवर्धिनीचे बीज रुजले. सुलतान बाजार, काचीगुडा, जांबाग या जुन्या वस्त्यांतील घरांनी वर्गणी काढून, पदरमोड करून शाळा आणि ग्रंथालये चालविली. त्या पिढीचा एक गुण विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. जमाखर्च, सभेचे वृत्त, जागेचे कागद, सारे काही ती लिहून ठेवी आणि संस्थेच्याच कपाटात ठेवी. आजच्या आमच्या विवेचनाचे सारही याहून फारसे वेगळे नाही.

ॲप करणारा शोधण्यासाठी हैदराबादकराला दूर जावे लागत नाही. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते माधापूरच्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि शहराच्या पश्चिमेला खडकाळ माळावर पाहता पाहता एक नवे नगर उभे राहिले. त्या नगराची उमेदवारी चालते ती अमीरपेटेत. मैत्रीवनमच्या आसपासच्या गल्ल्यांत संगणकभाषा शिकविणारे वर्ग मजल्यावर मजले चढवून बसले आहेत आणि भिंती त्यांच्या फलकांनी झाकून गेल्या आहेत. तेथे शिकलेली कित्येक मुले नोकरी सांभाळून, किंवा नोकरी मिळेपर्यंत, स्वतंत्रपणे कामे घेतात. यांनाच फ्रीलान्स डेव्हलपर म्हणतात. असा तरुण कंपनीपेक्षा स्वस्त पडतो, समोर बसून ऐकतो, आपल्या हौसेने चार गोष्टी जास्तही करून देतो. पण तो एकटा असतो. तो आजारी पडला, परगावी गेला, त्याला मोठी नोकरी लागली, तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा कोणी नसतो. या व्यवहारातील सोय आणि जोखीम दोन्ही या एकटेपणात आहेत.

आधी कागद, मग काम

सुताराला ‘एक चांगलेसे कपाट करा’ एवढेच सांगून जो घरी जातो, त्याने पुढे कप्पे कमी पडले म्हणून तक्रार करू नये. ॲपचेही तसेच आहे. ते कोण वापरणार, त्यांतील किती जण साठीच्या पुढचे, कोणत्या पानावर काय दिसावे, माहिती कोणी भरावी, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर हवे की एकावर पुरे, हे सारे साध्या मराठीत दोन-तीन पानांवर लिहून काढावे. हे लिहिताना कधी कधी असेही ध्यानात येते की, आपल्याला ॲपची गरजच नाही. एखादे साधे संकेतस्थळ किंवा आहे तो व्हॉट्सॲपचा गट पुरेसा आहे. तसे झाले तर खर्च वाचला म्हणून आनंदच मानावा.

गरज नेमकी ठाऊक असली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण राजस्थानात आहे. अलवरचे शिक्षक इम्रान खान यांनी स्वतः खटपट करून तंत्र शिकून घेतले आणि विद्यार्थ्यांसाठी पन्नासांवर शैक्षणिक ॲप तयार करून ती विनामूल्य दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावरील भाषणात पंतप्रधानांनी त्यांचा नामोल्लेख केला, तेव्हा देशाला त्यांची ओळख झाली. मुलांना काय अडते हे त्यांना वर्गात उभे राहून कळले होते. प्रत्येकाला असे स्वतः करणे साधणार नाही. पण काय हवे हे सांगण्याची जबाबदारी करवून घेणाराचीच असते, ती डेव्हलपरवर टाकून चालत नाही.

माणूस निवडताना त्याच्या गोड बोलण्यापेक्षा त्याचे हातचे काम पाहावे. त्याने केलेली आणि आजही चालू असलेली दोन-तीन ॲप आपल्या फोनवर उतरवून आठवडाभर वापरावीत. ज्यांच्यासाठी ती केली त्यांना विचारावे की, दोष निघाल्यावर हा माणूस फोन उचलतो का. दर फारच कमी सांगणारापासून अधिक सावध राहावे. अपवर्कसारख्या इंटरनेटवरील बाजारांत कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचे पैसे आधी मध्यस्थाकडे ठेवतात आणि काम पसंत पडल्यावर ते करणाराला मिळतात. गावातल्या गावात व्यवहार करतानाही हे तत्त्व पाळता येते. आराखडा पसंत झाला की एक हप्ता, चाचणीची आवृत्ती हाती आली की दुसरा, ॲप सर्वांसाठी खुले झाले की तिसरा, आणि पुढील तीन महिने दोषदुरुस्ती झाल्यावर शेवटचा. ठरलेला हप्ता ठरल्या दिवशी द्यावा. ‘समाजाचे काम आहे, पैशांचे काय घेऊन बसलास’ हे वाक्य उच्चारणाऱ्या कार्यकारिणीला चांगला माणूस टिकत नाही, आणि टिकूही नये.

मालकी कोणाची?

आमच्या परिचयाच्या एका संस्थेची हकिकत येथे सांगितली पाहिजे. तिने जुन्या हैदराबादी मराठी कुटुंबांची छायाचित्रे गोळा करून ॲपवर मांडण्याचा स्तुत्य उपक्रम केला. घरोघरी जाऊन छायाचित्रे आणली, त्यांच्या प्रती काढल्या, आणि एका वयोवृद्ध बाईंनी शेजारी बसून प्रत्येक चेहऱ्याची ओळख सांगितली. हे कोणाचे आजोबा, ही कोणत्या देवडीतली सून, हा कोणत्या सालचा हळदीकुंकवाचा समारंभ, हे सारे त्या सांगत गेल्या आणि डेव्हलपर तरुण ते थेट ॲपमध्ये भरत गेला. ॲप सुरेख झाले. स्टोअरमधील खाते त्या तरुणाच्या नावाचे, माहिती साठविण्याची भाड्याची जागा त्याच्या नावाची, तिचे भाडेही त्याच्याच कार्डावरून जाई. दीड वर्षाने तो परदेशी गेला. ते कार्ड बंद झाले, भाडे थकले, त्याचा जुना ईमेल कोणी पाहत नव्हते, आणि एके दिवशी साठविलेली माहिती पुसली गेली. छायाचित्रे घरोघरी होतीच. पण त्यांखालच्या ओळखी अन्य कोठेही लिहिलेल्या नव्हत्या. तोवर त्या बाईही निवर्तल्या होत्या. तरुणाने लबाडी केली नव्हती. कळविल्यावर तो मनापासून हळहळला. उणीव होती ती एका कागदाची आणि तीन किल्ल्यांची.

प्रथम कागदाची गोष्ट. मराठीच्या अभ्यासकाला गंमत वाटेल अशी बाब म्हणजे, कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्रॅम हे ‘साहित्यकृती’तच मोडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ सालच्या दुरुस्तीने ही भर पडली. या कायद्याच्या सतराव्या कलमान्वये कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे ठरते. पण फ्रीलान्सर हा नोकर नव्हे. म्हणजे पूर्ण पैसे चुकते केले तरी, लेखी हस्तांतर नसेल तर मूळ संहितेचा, म्हणजे सोर्स कोडचा, स्वत्वाधिकार त्याच्याकडेच राहतो. एकोणिसावे कलम सांगते की हे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. परदेशी गेलेली आपली मुलेबाळे ॲप वापरणार असतील, तर ‘कायमस्वरूपी आणि जगभर’ हे शब्द करारात असलेच पाहिजेत. एखाद्या वकिलाकडून तासाभरात होणारे हे काम आहे.

आता किल्ल्या. पहिली किल्ली स्टोअरच्या खात्याची. गूगल प्लेचे खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर, म्हणजे सुमारे दोन-सव्वादोन हजार रुपये पडतात; ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. ही खाती संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर उघडावीत आणि डेव्हलपरला त्यांत काम करण्यापुरती परवानगी द्यावी. असे केल्यास माणूस बदलला तरी ॲप तेच राहते. ते दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर त्याच्या संमतीने आपल्या खात्यावर आणता येते. पण तोच सापडेनासा झाला तर नव्या नोंदीचे नवे ॲप काढून सर्व सभासदांना ते पुन्हा उतरवून घ्यायला सांगावे लागते. दुसरी किल्ली मूळ संहितेची. ती प्रत्येक टप्प्याला संस्थेच्या भांडारात जमा झाली पाहिजे, शेवटी एकदम नव्हे. तिसरी किल्ली माहितीच्या साठ्याची. त्याचे भाडे संस्थेच्या खात्यातून जावे आणि दर महिन्याला त्याची एक प्रत संस्थेच्या कपाटातील डिस्कवर उतरावी.

मराठीची परीक्षा

आपल्या शहरात काम करणारा तरुण बहुधा तेलुगू किंवा उर्दू भाषक असतो. ‘देवनागरी चालते’ असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हिंदी असते. मराठीच्या गरजा थोड्या निराळ्या आहेत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि डोंगरांमधल्या खोऱ्यांचे. हा पाऊणरकार पडद्यावर नीट उमटतो का आणि शोधात सापडतो का, हे पाहिलेच पाहिजे. संगणकाच्या मूळ क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो, ग्रंथसूची आपल्या वर्णमालेप्रमाणे लागावी असे वाटत असेल तर ते आधी सांगावे लागते. आणखी एक अडचण जुन्या याद्यांची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर जसाच्या तसा ॲपमध्ये घातला तर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. मुद्रितशोधनाला येथेही सुट्टी नाही.

योगायोगाने चाचणीचा एक नियमच आपल्याला उपकारक ठरणारा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गूगल प्लेवर वैयक्तिक खाते उघडणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला हे बंधन नाही. तरीही ते स्वेच्छेने पाळावे असे आम्ही सुचवू. बारा घरे निवडावीत. त्यांत एखाद्या आजी असाव्यात, एखादा महाविद्यालयीन मुलगा असावा, जुना स्वस्त फोन वापरणारे गृहस्थ असावेत. कोणाला काय अडले हे रोज वहीत टिपावे. अक्षर बारीक आहे, परतीचे बटण सापडत नाही, अशा गोष्टी डेव्हलपरच्या महागड्या फोनवर कधीच दिसत नाहीत.

ज्यांची माहिती आपण साठवतो त्यांचाही विचार हवा. वधूवरांच्या यादीतील मुलीचा फोन क्रमांक आणि पत्ता पूर्वी शंभर-दोनशे घरांत जाणाऱ्या पुस्तिकेत छापला जाई. ॲपमधून तो क्षणात कोठेही पोहोचू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घेणे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची खातरजमा केलेली संमती घेणे, ही त्यातील मुख्य सूत्रे आहेत. कायद्याच्या भयाने नव्हे, तर लोकांनी टाकलेल्या विश्वासाच्या लाजेने तरी ती पाळावीत. गरज नाही ती माहिती मुळात मागूच नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ॲप खुले झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. फोनच्या प्रणाली दर वर्षी बदलतात. त्यांच्याशी जुळवून न घेतलेले ॲप नव्या फोनवर स्टोअरमध्ये दिसेनासे होते. वास्तूला दर पावसाळ्यापूर्वी डागडुजी लागते, तशी ही डागडुजी. तिची तरतूद संस्थेच्या अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी करावी, आणि तिन्ही किल्ल्यांची नोंद सभेच्या वृत्तात घेऊन ती दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात ठेवावी. डेव्हलपर तरुणाला योग्य मोबदला, ठरलेली मुदत आणि ॲपमध्ये त्याच्या नावाचा उल्लेख मिळावा. त्याला त्याचा मान आणि संस्थेला तिच्या किल्ल्या मिळाल्या की उभय पक्षी समाधान राहते. जुनी माणसे सांगतील त्या गोष्टी तेवढ्या लगेच, आणि एकाहून अधिक ठिकाणी, लिहून ठेवाव्यात. त्या दुसऱ्यांदा सांगायला ती माणसे असतीलच असे नाही.